बाळंतपणानंतरचे नैराश्य आणि बरे होण्याची भाषा

जबलपुरात दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या सुभद्राकुमारी चौहान यांची 'मेरा नया बचपन' ही कविता ('मुकुल', १९३०) मातृत्वाच्या आनंदाची कविता म्हणून पाठ्यपुस्तकांतून रुजली आहे. तिच्या रचनेकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. कवितेचा आरंभ हरवलेल्या सुखाच्या ओढीने होतो, आणि ते सुख परत आणणारी मुलगी बोलू लागलेली, माती खाऊन आईलाही ती देऊ पाहणारी आहे. पाळण्यातल्या बाळाचे पहिले महिने कवितेत नाहीत. यावरून कवयित्रीच्या आजाराचे अनुमान काढणे अनुचित होय. परंतु मातृत्वाचे काव्य कोणत्या आठवड्यांविषयी मौन पाळते, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

प्रसूतीनंतर काही दिवस येणारे रडू बहुधा आपोआप ओसरते. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी खिन्नता, निद्रानाश, अपराधभाव आणि बाळाविषयी वाटणारे तुटलेपण यांस प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. मराठीत ही संज्ञा नवी आहे. जुन्या घरांत 'बाळंतरोग' हा शब्द होता, वारा लागणे होते, बाहेरची बाधा होती. सुधारणेची भाषाही देहाचीच : बाळंतिणीने अंग धरले, अन्न गोड लागू लागले. शेकशेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर या व्यवस्थेत सवा महिना तिच्याभोवती बायकांचा वावर असतो. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात राहिलेल्या जबलपुरातील मराठी घरांत विदर्भातून आलेल्या सुनेचे माहेर भाषेच्या सीमेपलीकडे असते. माहेरी झालेल्या बाळंतपणानंतर ती परतते, तेव्हा तो वावर आणि आईची बोली एकदमच मागे राहतात.

या काळाचे मोजमाप मराठीच्या शेजारात, गोव्यात झाले. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज व नंदिता डिसूझा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५२ मातांपैकी २३ टक्के माता प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्यग्रस्त आढळल्या. सवा महिना संपून घरातली मदत विरळ होते, नेमका तोच हा काळ. दारिद्र्य आणि दुरावलेले पतिपत्नीसंबंध ही प्रमुख कारणे ठरली. मुलगी होण्याने नवऱ्याची मारहाण व उपासमार यांचा परिणाम बदलतो, असेही दिसले. पुढच्याच वर्षीच्या गुणात्मक अभ्यासात या स्त्रियांनी आपले दुःख सांगितले, पण त्यास आजार म्हटले नाही. हे अज्ञान मानणे घाईचे ठरेल. ज्या कथनात कारण नात्यांत आहे, त्यात बरे होणेही नात्यांतच सांगितले जाणार.

तुलनेसाठी शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' (१८९२) ही कथा पाहावी. १८८५ मध्ये कन्येच्या जन्मानंतर खचलेल्या गिलमन यांना डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी विश्रांती आणि लेखनत्याग सांगितला होता. कथेतील नायिकेला खोली आहे, सोबत बोलणे नाही. आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलीत माणसे असतात. तरी बोलण्यास वाव असतोच असे नाही, कारण ती सारी बाळ पाहावयास आलेली असतात.

गोव्यात पुढे २८० गर्भवती स्त्रियांसह झालेल्या प्रयोगाचे (२०१९) मर्म याच ठिकाणी आहे. पाकिस्तानात विकसित झालेल्या पद्धतीवरून, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित स्थानिक स्त्रिया घरी जाऊन मातेशी बोलत, आणि ते बोलणे तिच्याविषयी असे. सहा महिन्यांनी या गटात नैराश्यमुक्त झालेल्यांचे प्रमाण अधिक होते. लक्षणांच्या तीव्रतेतील फरक मात्र लहान होता. तीव्र आजारात औषधे लागतातच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तीन वर्षांखालील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करू नये, असे ठरविले आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या संभाषणांशी समांतर साहित्य शोधावयाचे असेल, तर बारशाचा पाळणा फारसा उपयोगी पडणार नाही. तो चारचौघींत, बाळासाठी गायला जातो. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी संकलित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट वेगळी. त्या पहाटे, दळताना, समोर बसलेल्या दुसऱ्या बाईला उद्देशून म्हटल्या जात.