अखंड नाद

लष्करी संचलनात ड्रमवादक आपल्या दोन काठ्या कधी कधी इतक्या वेगाने चालवितो की, निरनिराळे आघात ऐकू न येता एकच सलग नाद कानी पडतो. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ताशा कडाडू लागला म्हणजे आपल्यालाही हाच अनुभव येतो. पाश्चात्त्य संगीतात या वादनप्रकाराला ‘रोल’ असे म्हणतात. इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या साहाय्याने रचल्या जाणाऱ्या नृत्यसंगीतात या रोलला मानाचे स्थान आहे. संगीत रंगत रंगत चढू लागले की रोल सुरू होतो, नाचणाऱ्यांची उत्कंठा वाढवितो आणि ऐन भरात थांबतो. दुसऱ्याच क्षणी मूळ ठेका दणक्यात अवतरतो. पण येथे रोल वाजविणारे असते एक यंत्र. त्याला ना हात, ना मनगट. अशा यंत्राकडून मऊ आणि अखंड नाद कसा वाजवून घेतात, ते आता पाहू.

यंत्राकडे वळण्यापूर्वी वादकाच्या हाताकडे नीट पाहिले पाहिजे. रोल बहुधा स्नेअर ड्रमवर वाजवितात. या ड्रमच्या खालच्या बाजूच्या पडद्याला बारीक तारा टेकलेल्या असतात. वरच्या पडद्यावर काठी पडली की या तारा थरथरतात आणि आघातामागून सर्रर्र असा आवाज काही क्षण रेंगाळतो. शिवाय कुशल वादक प्रत्येक आघातासाठी हात उचलीत नाही. तो काठीला पडद्यावर उसळू देतो. हाताच्या एका हालचालीत काठी दोनदा किंवा त्याहूनही अधिक वेळा पडद्याला स्पर्श करते. पहिला स्पर्श जोरकस असतो, पुढचा किंचित हलका. उजव्या हाताचा नाद विरण्यापूर्वी डाव्या हाताचा नाद त्यात मिसळतो. अशा रीतीने रोलचा गोडवा आघातांच्या वेगाइतकाच त्यांच्या लहानमोठेपणावर अवलंबून असतो.

ताल धरणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात जपानमधील इकुतारो काकेहाशी यांचे नाव आदराने घेतले जाते. 1930 साली जन्मलेल्या या माणसाचे आईवडील त्याच्या बालपणीच वारले. तरुणपणी त्याने घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करून पोट भरले. पुढे 1972 साली त्याने ओसाका येथे ‘रोलँड’ ही वाद्ये बनविणारी कंपनी स्थापन केली. या कंपनीने 1980 साली ‘टीआर-808’ आणि 1983 साली ‘टीआर-909’ ही तालयंत्रे बाजारात आणली. याच सुमारास, 1980 साली, अमेरिकेतील रॉजर लिन यांनी ‘एलएम-1’ हे यंत्र तयार केले. खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज त्यात साठविलेले होते.

रोलँडच्या या दोन्ही यंत्रांचे प्रारंभी फारसे स्वागत झाले नाही. त्यांचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही, असा आक्षेप होता. थोड्याच वर्षांत त्यांचे उत्पादन थांबले आणि ती जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली. अमेरिकेतील शिकागो आणि डेट्रॉइट या शहरांतील कृष्णवर्णीय तरुणांनी ती विकत घेतली. भारी वाद्ये आणि वादकांचा ताफा त्यांना परवडणारा नव्हता. शिकागोत ‘हाऊस’ आणि डेट्रॉइटमध्ये ‘टेक्नो’ या नावांचे नवे नृत्यसंगीत जन्माला आले. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे टेक्नोचे आद्य रचनाकार मानले जातात. ज्याला जगाने नाकारले होते, तोच आवाज या तरुणांनी जगभर पोहोचविला.

मात्र रोलच्या बाबतीत या यंत्रांपुढे एक अडचण होती. यंत्र अत्यंत नियमित असते. एकच आघात, त्याच जोराने, त्याच अंतराने ते हजार वेळा करू शकते. संथ ठेक्यात ही नियमितता शोभून दिसते. परंतु तोच आवाज झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजविला, की बंदुकीच्या फैरी झडत असल्याचा भास होतो. संगीतकार या दोषाला ‘मशीनगन’ असेच नाव देतात. कान मोठा चाणाक्ष असतो. दोन आघात तंतोतंत सारखे असले, की ते निर्जीव आहेत हे तो ताबडतोब ओळखतो.

हा दोष घालविण्याचा पहिला उपाय म्हणजे आघातांच्या जोरात भेद करणे. 1983 साली ‘मिडी’ नावाची संकेतपद्धती प्रचारात आली. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये तिच्यामुळे एकमेकांशी बोलू लागली. या कामगिरीबद्दल काकेहाशी आणि अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांना 2013 साली ग्रॅमी पुरस्कार देऊन गौरविण्यात आले. मिडीमध्ये प्रत्येक आघाताचा जोर 1 ते 127 या अंकांनी दर्शविता येतो. समजा, रोल हळूहळू चढवीत न्यायचा आहे. मग पहिल्या आघाताला 40 आणि अखेरीस सुमारे 115 अशी चढण आखतात. परंतु ही चढण सरळ ठेवीत नाहीत. उजव्या हाताचे आघात चढणीवर ठेवून डाव्या हाताचे आघात थोडे खाली घेतात. अंक असे पडतात : 40, 32, 45, 37, 50. आता ऐकणाऱ्याला दोन हातांची चाहूल लागते.

दुसरा उपाय वेळेचा आहे. एका मिनिटात 125 मात्रा पडत असतील, तर एक मात्रा 0.48 सेकंदाची होते. मात्रेचे आठ भाग केले, तर दर 0.06 सेकंदाला एक आघात पडतो. डाव्या हाताचा आघात यात तीनचार सहस्रांश सेकंद उशिरा टाकला, तर रोल जिवंत वाटतो. तोच वीस सहस्रांशांनी मागे पडला, तर रोल लंगडू लागतो. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. संगणकाला ‘वाटेल तशी फेरफार कर’ अशीही आज्ञा देता येते. पण नुसत्या अनियमितपणाने रोल मऊ होत नाही. तो गबाळा होतो. वादकाच्या हातातील चढउतारामागे एक शिस्त असते. तिचा अभ्यास करूनच यंत्राला सूचना द्याव्या लागतात.

तिसरा उपाय आवाजाच्या रंगाचा. हलका आघात केवळ लहान नसतो. तो थोडा मंद, दबका असतो. म्हणून जोर कमी असेल तेथे आवाजातील तीक्ष्ण भाग गाळून टाकतात. एकाच ड्रमचे अनेक आघात मुद्रित करून ते आळीपाळीने वाजविण्याचीही सोय आज उपलब्ध आहे. तसेच नवा आघात सुरू होताच आधीचा नाद कापला जाणार नाही, याची काळजी घेतात. रेंगाळणारे नाद एकमेकांत मिसळले, की मधल्या फटी बुजून जातात.

वेगालाही मर्यादा आहे. सेकंदाला सुमारे वीस आघातांच्या पलीकडे गेले, की कानाला आघात वेगवेगळे जाणवत नाहीत. त्यांचा मिळून भुंग्याच्या गुणगुण्यासारखा एक स्वर होतो. वरच्या उदाहरणात मात्रेला आठ आघात पडतात, म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा. ही मर्यादा जवळ असली, तरी ओलांडलेली नाही. म्हणूनच रचनाकार रोलची सुरुवात मात्रेला चार आघातांनी करतात, मग आठांवर जातात आणि तेथेच आवरते घेतात. त्यानंतर अर्ध्या-एक मात्रेची शांतता ठेवतात. आधीच्या सगळ्या गजराचे मोल या लहानशा शांततेत कळून येते.

तालयंत्रे आली, तेव्हा आता ड्रमवादकाची गरज उरणार नाही, अशी भीती अनेकांना वाटली. काही वादकांची कामे खरोखरच गेली, हे नाकारता येत नाही. परंतु यंत्राला चांगला रोल शिकविण्याची वेळ आली, तेव्हा रचनाकारांना वादकाच्या मनगटाकडेच जावे लागले. यंत्राला मोजता येते. कोणता आघात हलका ठेवावा आणि कोठे थांबावे, हे मात्र ज्याने हाताने ताल धरला आहे आणि कान देऊन ऐकला आहे, तोच त्याला सांगू शकतो.