ओटीवरील छत्रीझाड

कर्जतनजीकच्या भिसेगावासारख्या पावसाळी गांवीं कुंडींतलें छत्रीझाड, म्हणजे शेफ्लेरा, मरतें तें बहुधा तहानेनें नव्हे, तर फाजील पाण्यानें. यास्तव रोप घेतांना आधीं मुळें पाहावीं, असें आम्ही शेतकरी बंधूंस सुचवितों. पांढरीं व घट्ट मुळें निरोगी. काळीं व मऊ तीं कुजकीं. ऑस्ट्रेलियाची मोठ्या पानांची जात पुढें वृक्ष होते. ओटीस तैवानकडील ठेंगणी जातच योग्य. कुंडीस भोंक असावें व मातींत वाळू आणि कुजलेलें शेणखत मिसळावें. वरची माती पेरभर सुकल्यावांचून पाणी घालूं नये. पावसाळ्यांत कुंडी पागोळ्यांखालून आंत घ्यावी. उजेड भरपूर असावा, पण दुपारचें ऊन नको. पानें चघळल्यास तोंडाची आग होते. सबब कुंडी लहान मुलांच्या व वासरांच्या तोंडीं लागेल अशी ठेवूं नये.