वायरकटचे पाणी

भवानी पेठेतल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर वडिलांचे चार पॉवरलूम होते. टॉवेल निघत. माग विकले गेले आणि सहा वर्षांपूर्वी त्या जागेत पुतण्याने एक वायरकट मशीन बसवले. मागांची खटखट गेली, पाण्याची बारीक सळसळ आली. मी पॉलिटेक्निकमध्ये पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. तरी या सळसळणाऱ्या पाण्याकडे नीट पाहिले ते गेल्या उन्हाळ्यात, एक जॉब वाया गेल्यावर.

नळाला पाणी पाच दिवसांआड येत होते. मशीनच्या टाकीतली पातळी उतरलेली, विकतच्या डीआय पाण्याचे कॅन संपलेले आणि एक डाय सकाळी द्यायची होती. पुतण्याने बोअरचे दोन कॅन टाकीत ओतले. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे, काका," म्हणाला. रात्रीत दोनदा वायर तुटली. सकाळी डाय बाहेर काढली, तर कापलेल्या कडेवर तांबूस डाग आणि बारीक खड्डे. गिऱ्हाइकाने ती परत केली; पोलादाचे पैसेही आमच्याच अंगावर पडले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, पाणी तर स्वच्छच होतं की. भांडी आपण त्याच पाण्यानं धुतो." त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते इथे देतो आहे.

वायरकटमध्ये धातू कापणारे पाते नसते. केसांपेक्षा जाड, साधारण पाव मिलिमीटरची पितळी तार एका रिळावरून सुटते आणि जॉबजवळून सरकत जाते. ती जॉबला टेकत नाही. मधे मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी फट राहते आणि त्या फटीत सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीचे आयुष्य काही मायक्रोसेकंदांचे, पण तिथले तापमान आठ-दहा हजार अंशांवर जाते. पोलादाचा कणभर भाग वितळतो, थोडा वाफ होतो आणि पाणी तो धुऊन नेते. पोलाद कितीही कठीण असो, ठिणगीला त्याचे काही वाटत नाही.

ही पद्धत एका अपयशातून निघाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत संघात बी. आर. लाझारेन्को आणि एन. आय. लाझारेन्को या पतिपत्नींकडे एक काम आले. इंजिनाच्या प्रज्वलन यंत्रणेतले टंगस्टनचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी झिजत. ती झीज थांबवायची होती. त्यांनी ते बिंदू तेलात बुडवून पाहिले. झीज थांबली नाही, पण ठिणग्या अधिक एकसारख्या पडू लागल्या. तेव्हा त्यांनी झिजेलाच कामाला लावले. हे साल १९४३. तारेने कापणारी, संगणकावर चालणारी यंत्रे पुढे १९६०च्या दशकाअखेरीस आली. आपल्याकडे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिका कंपनीने या जातीची यंत्रे बनवली आणि लहान कारखान्यांना ती परवडू लागली.

आता द्रवाचे काम पाहू. ठिणगी हवी तेव्हा आणि हवी तिथेच पडावी, म्हणून फटीत असा द्रव लागतो जो आधी वीज अडवून धरेल, दाब पुरेसा वाढला की क्षणभर वाट देईल आणि लगेच पुन्हा बंद होईल. मराठीत त्याला विद्युत् अपारक द्रव म्हणतात. कारखान्यात सगळे डायइलेक्ट्रिकच म्हणतात. ठोकळ्यासारखा इलेक्ट्रोड उतरवून साचे कोरणाऱ्या यंत्रांत हे काम रॉकेलसारखे तेल करते. तेलात ठिणगी पडली की कार्बन सुटतो आणि त्याचा थर इलेक्ट्रोडची झीज कमी करतो. वायरकटमध्ये तार सतत नवी येत असते, तिच्या झिजेची फिकीर नसते. तिथे अरुंद फटीतून झरझर वाहणारा आणि उष्णता पटकन शोषणारा द्रव हवा. पाणी तेलापेक्षा पातळ आहे, वजनाला वजन जवळपास दुप्पट उष्णता घेते आणि पेट घेत नाही.

पण पाण्यातून तर वीज जाते, हे आपल्याला शाळेपासून शिकवलेले असते. ओल्या हाताने बटण दाबू नये, हा सल्ला आजही खरा आहे. मात्र वीज वाहून नेते ते मुख्यतः पाण्यात विरघळलेले क्षार. निव्वळ पाण्यात पंचावन्न कोटी रेणूंमागे जेमतेम एक रेणू आयनांत फुटलेला असतो. म्हणून अतिशुद्ध पाण्याची रोधकता २५ अंशांना १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरपर्यंत जाते. वाहकता मोजली तर ०.०५५ मायक्रोसिमेन्स. अडचण अशी की पाणी असे राहत नाही. जे भेटेल ते विरघळवून सोबत घेणे हा त्याचा स्वभाव. सोलापूरच्या बोअरचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांत मुरून येते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन. आमच्या बोअरमध्ये टीडीएस मीटर बुडवला तर आकडा अकराशे आला. वाहकतेत सांगायचे तर ढोबळमानाने त्याच्या दुप्पट. मशीनला पाणी दहा मायक्रोसिमेन्सच्या आसपास लागते. म्हणजे फरक दोनशे पटींचा.

त्या रात्री काय झाले ते आता सांगता येते. दोन कॅननी टाकीतल्या सगळ्या पाण्याची वाहकता वर नेली. ठिणगी पडण्याआधीच वीज पाण्यातून झिरपू लागली, दाब साठेना, ठिणग्या अवेळी पडल्या आणि तार तुटली. झिरपणाऱ्या विजेने पोलादाचे विद्युत्-अपघटन सुरू केले. डाय धन टोकाला जोडलेली. तिच्यातले लोखंड आयन होऊन पाण्यात उतरत राहिले. तांबूस डाग आणि खड्डे त्याचेच. उलट टोकही बरे नाही. पाणी फारच शुद्ध झाले तर ठिणगी पेटायला फट आणखी अरुंद व्हावी लागते, तार जॉबला टेकते आणि काम अडखळते. म्हणून यंत्रातला संवेदक वाहकता मोजत राहतो आणि ती ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की पाणी रेझिनच्या नळकांड्यातून फिरवतो. तिथल्या एका जातीचे मणी कॅल्शियम, सोडियम धरून ठेवतात आणि हायड्रोजन आयन सोडतात. दुसऱ्या जातीचे मणी क्लोराइड, सल्फेट धरून हायड्रॉक्सिल सोडतात. दोन्ही जुळून पाणीच बनते.

बोअरच्या पाण्याने मणी झटपट भरतात. मग पुतण्याने घरगुती आरओ लावायचा विचार केला. पण तो लिटरभर गोड्या पाण्यामागे दोन-तीन लिटर खारे पाणी मोरीत सोडतो. उजनीहून शंभर किलोमीटरवरून येणारे पाणी पाच दिवस पिंपात जपणाऱ्या घरात हे कसे चालावे? वहिनींनी साफ नाही म्हटले, आणि मला ते पटले.

उत्तर खोलीतच ठिबकत होते. मापे बदलू नयेत म्हणून वायरकटची खोली थंड ठेवावी लागते. तिथल्या एसीची नळी बाहेर गटारात सोडलेली होती. ते पाणी हवेतली वाफ थंड होऊन झालेले, त्यात क्षार नगण्य. मीटरने पंचवीस दाखवले. आता ती नळी कॅनमध्ये उतरते. ते पाणी गाळून टाकीत जाते आणि मणी कितीतरी जास्त दिवस टिकतात. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणीही, पहिली सर वाहू देऊन, धरतो. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत मात्र एसी फारसे देत नाही. तेव्हा डीआय पाणी विकतच आणावे लागते. क्षारही नाहीसे होत नाहीत. भरलेले मणी पुन्हा कामाला येण्यासाठी आम्ल आणि कॉस्टिक सोड्याने धुवावे लागतात आणि ते धुवण कुठेतरी जातेच.

गेल्या महिन्यात टाकी साफ केली. काचेसारखे नितळ पाणी बादल्यांत भरलेले पाहून वहिनींनी विचारले, "तुळशीला घालू का?" मी नको म्हणालो. त्यात तारेचे तांबे आणि जस्त उतरलेले असते, जॉबच्या पोलादाचे बारीक कण असतात. ते मोरीतही ओतायचे नाही. त्या बादल्या झाकून ठेवल्या. गाळ खाली बसला की वरचे पाणी फिल्टरमधून पुन्हा मशीनमध्येच जाते. तुळशीला वहिनींनी पिंपातले तांब्याभर पाणी घातले. नळ येणार होता तो दुसऱ्या दिवशी.