चढाचं गाव, उताराची वाट : सिएनाला जायची तयारी

आज आपण जरा लांबच्या गावाला जाणार आहोत. गाव आहे इटली देशातलं, नाव सिएना. मुलांच्या रंगपेटीत 'बर्न्ट सिएना' नावाचा तांबूस तपकिरी रंग असतो ना, तो याच गावाच्या मातीवरून आला आहे.

हा विषय आमच्या गटाच्या मासिक सभेत निघाला. गटातल्या एका काकूंची मुलगी फ्लॉरेन्स शहरात शिकते. काकू तिच्याकडे महिनाभर जाणार आहेत. तिथून सिएना दीड तासावर. मुलगी म्हणाली, "आई, एक दिवस सिएनाला जाऊ." पण काकूंचे गुडघे दुखतात आणि सिएना वसलंय तीन टेकड्यांवर. सभेत काकू म्हणाल्या, "एकदाच जाणं होणार. निम्म्या वाटेत बसून राहिले तर काय उपयोग? आणि नुसते फोटो काढून यायचं नाही, समजून घेऊन यायचंय." मग हिशोबाची वही बाजूला ठेवून आम्ही सगळ्यांनी मिळून तयारीची यादी केली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. आपल्या बायकांचं घोडं बहुतेक नावापाशी अडतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पुस्तकात तिसरंच स्पेलिंग. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी ही नावं जुळवून घ्यावीत. पासपोर्टवर जे नाव येईल, तेच अक्षर न् अक्षर तिकिटावर, विम्यावर आणि निमंत्रणपत्रावर असलं पाहिजे. साध्या 36 पानी पासपोर्टची सरकारी फी 1500 रुपये आहे. लग्नाचा दाखला नाही म्हणून कुणी अडून बसू नका, पासपोर्टला तो आता सक्तीचा नाही.

त्यानंतर व्हिसा. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. आपल्या भागाचे अर्ज मुंबईतल्या इटलीच्या वकिलातीकडे जातात. प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची असली तरी तिथवर थांबू नये. मोठ्या माणसाची फी 90 युरो, अर्ज केंद्राचा आकार वेगळा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मुलीकडे राहणार असाल तर तिचं निमंत्रणपत्र जोडावं. बँकेचे गेल्या काही महिन्यांचे व्यवहार दाखवावे लागतात. आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरली तर प्रश्न विचारले जातात, म्हणून पैसे हळूहळू साठलेले दिसू द्यावेत.

इथे एक सावधगिरी. "व्हिसा नक्की मिळवून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका. व्हिसा द्यायचा की नाही हे फक्त वकिलात ठरवते. आणि फिरायच्या व्हिसावर तिथे काम करता येत नाही. "जा, तिकडे शेतात काम मिळेल" असं सांगणाऱ्यापासून लांबच राहा. व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणाऱ्या पैशांचं तिकीट काढू नये.

आता कधी जायचं? एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चांगले. ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला सिएनात पालिओ नावाची घोड्यांची शर्यत होते. गावात 17 मोहल्ले आहेत, त्यांतले 10 एका वेळी धावतात. आपल्याकडच्या यात्रेसारखी गर्दी असते. शर्यतच बघायची असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर ते दिवस टाळावेत.

फ्लॉरेन्सहून आगगाडीही जाते आणि बसही. स्टेशन टेकडीच्या खाली आहे. तिथून वर यायला सरकते जिने आहेत, पण पुढे गावात चालावंच लागतं. बस मात्र वर, जुन्या गावाच्या कडेलाच सोडते. गुडघे दुखणाऱ्यांनी बस घ्यावी. गाडीने जायचं झालं तर कागदी तिकिटावर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड होतो.

आता खरा मुद्दा, चढ-उताराचा. डोंगरावरचं गाव बघताना "काय काय बघायचं" याच्या आधी "कुठून कुठे उतरायचं" हे ठरवावं. आमचं सूत्र साधं आहे: उतार पायी, चढ यंत्राने.

बस थांबते तिथून जवळच सान दोमेनिको हे विटांचं मोठं चर्च आहे. तिथून उतरलं की संत कॅथरीनचं घर लागतं. ही रंगाऱ्याची मुलगी, 1347 साली जन्मलेली. लिहायला उशिरा शिकली, पण पत्रं सांगून लिहून घ्यायची. तिची पावणेचारशेच्या वर पत्रं आजही आहेत. पोप तेव्हा रोम सोडून फ्रान्समधल्या आव्हिन्यों गावी राहत होते. "परत या" असं तिने त्यांना बजावलं. 1377 साली पोप रोमला परतले. तेहतिसाव्या वर्षी ती गेली. 1970 साली तिला चर्चची आचार्य मानलं गेलं. तो मान मिळालेल्या पहिल्या दोन बायकांपैकी ती एक.

आणखी खाली उतरलं की फोंतेब्रांदा हा जुना पाणवठा येतो. टेकडीवरच्या या गावाला नदी नाही. म्हणून लोकांनी जमिनीखाली सुमारे 25 किलोमीटरचे बोगदे खणून झऱ्यांचं पाणी गावात आणलं. त्यांना बोत्तीनी म्हणतात. पाणवठ्यावर हौद एकापुढे एक असत. पहिल्यात प्यायचं पाणी, तो भरून वाहिला की दुसऱ्यात जनावरांसाठी, त्यापुढचं धुण्यासाठी. पाण्यासाठी पायपीट केलेल्या आपल्यासारख्या बायकांना ही रचना समजावून सांगायला वाटाड्या लागणार नाही.

इथे आपण सगळ्यात खाली आलो. आता चढ. पण फोंतेब्रांदाच्या वेशीबाहेरून थेट मोठ्या चर्चच्या बाजूला नेणारे सरकते जिने आहेत. ते त्या दिवशी चालू आहेत ना, हे सकाळीच विचारून घ्यावं. बंद असतील तर गावातली छोटी बस घ्यावी.

वर मोठं चर्च आहे आणि त्याच्या समोरच सांता मारिया देल्ला स्काला. हे शेकडो वर्षं दवाखाना होतं, आता संग्रहालय आहे. वाटसरू, आजारी माणसं आणि टाकून दिलेली बाळं इथे सांभाळली जात. एका लांब दालनाच्या भिंतींवर सन 1440 नंतरच्या दशकातली चित्रं आहेत. त्यांत परक्या बाळांना अंगावर पाजणाऱ्या दाया दिसतात. त्या बायकांचं काम कुणीतरी भिंतीवर नोंदवून ठेवलं, हे काकूंना बघायचं आहे. आम्हालाही.

शेजारीच चर्चची एक अर्धवट उंच भिंत उभी आहे. 1339 साली चर्च आणखी मोठं करायचं ठरलं. 1348 साली प्लेगची साथ आली, गावातली निम्म्याच्या आसपास माणसं गेली आणि काम कायमचं थांबलं. ती भिंत त्यांनी पाडली नाही.

इथून उतरत उतरत काम्पो या चौकात यायचं. हा चौक सुपासारखा आहे, वर रुंद आणि खाली निमुळता. खाली नगरपालिकेचा वाडा आहे. त्याच्या मनोऱ्याला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या मुलीने चढाव्यात, काकूंनी खाली सुपात बसावं. पण वाड्यातली चित्रं चुकवू नयेत. आंब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकाराने 1338-39 साली कारभाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत चांगला आणि वाईट कारभार समोरासमोर रंगवला. चांगल्या कारभारात शेतं पिकतात, मळणी चालते, ओझी लादलेली गाढवं वेशीतून आत येतात. वाईट कारभारात शेतं ओस पडतात. कारभारी निर्णय घ्यायला बसले की दोन्ही भिंती त्यांच्यासमोर. आपल्या ग्रामपंचायतीत असं चित्र असतं तर?

परतीच्या वाटेवर, बसथांब्याच्या आधी, सालिंबेनी चौक लागतो. इथे मोंते देई पास्की ही बँक आहे. आजही चालू असलेल्या बँकांमधली ही जगातली सगळ्यात जुनी बँक मानली जाते. 1472 साली ती कशासाठी सुरू झाली? गरिबांना तारणावर कमी व्याजाने कर्ज देण्यासाठी, म्हणजे सावकाराच्या दारात त्यांना जावं लागू नये म्हणून! नावातल्या 'पास्की'चा अर्थ गायरानं. 1624 साली मारेम्मा भागातल्या गायरानांचं उत्पन्न ठेवींना हमी म्हणून लावलं, त्यावरून हे नाव पडलं. आणि पुढचंही ऐका. अलीकडे बुडीत कर्जं वाढली आणि 2017 साली ती वाचवायला इटलीच्या सरकारला पैसे ओतावे लागले. साडेपाचशे वर्षांची बँकसुद्धा वसुलीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आपल्या गटाच्या सभेत हे जरूर सांगा.

आता बारीकसारीक. गावात दगड-विटांची फरसबंदी आहे, म्हणून चपलेऐवजी रबरी तळाचे बूट घालावेत. साडी चालते, फक्त चढउतारासाठी जरा वर नेसावी. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. स्वच्छतागृहाला बऱ्याचदा पैसे पडतात, नाणी जवळ ठेवा. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते, टेबलावर बसलं की दर वाढतो. तिथला पाव अळणी असतो, तो बिघडलेला नव्हे, तीच रीत आहे. पीची नावाच्या हाताने वळलेल्या जाड शेवया टोमॅटो-लसणाच्या रश्शात मिळतात. मांस नको असेल तर "सेंत्सा कार्ने" म्हणावं, तरी रस्सा कशाचा आहे हे विचारावंच. पानफोर्ते नावाच्या सुक्यामेव्याच्या वडीत लवंग-मिरीची चव लागते. गुडघ्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. घरी फोन करताना लक्षात ठेवा, तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार.

यादी पुरी झाली तेव्हा काकूंनी ती स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतली. त्या म्हणाल्या, "आजवर मी गेले ते कुणी नेलं म्हणून. या वेळी कुठे बसायचं ते मी ठरवलंय." मैत्रिणींनो, तुम्हाला सिएनाला जायचं असो की तालुक्याच्या गावी, पुढच्या सभेत प्रत्येकीने एक जागा लिहावी आणि तिथे जायला आपला कोणता कागद अजून अपुरा आहे तेही लिहावं. त्या कागदापासूनच सुरुवात करू या.