कासवाला हवे ऊन आणि उघडी जमीन

तळ्याकाठी पावले न वाजवता उभे राहिलात, तर कधीकधी एक गंमत पाहायला मिळते. पाण्यातून वर आलेल्या ओंडक्यावर एखादे कासव मान लांब करून, पाय ताणून ऊन खात पडलेले असते. आपला पाय वाळक्या पानावर पडला, की बुडुक! पाण्यावर नुसती वलये उरतात.

कासव आळशी म्हणून असे पडून राहते का? मुळीच नाही. ते त्याचे कामच आहे. आपल्या शरीराची उष्णता आपण अन्नापासून मिळवतो. कासवाला मात्र ती बाहेरून, सूर्याकडून घ्यावी लागते. अंग तापले, की खाल्लेले अन्न नीट पचते, मादीच्या पोटातील अंड्यांची वाढ होते आणि कवच कोरडे होऊन त्यावरचे शेवाळ व जळवा कमी होतात. ओंडका किंवा खडक नसेल, तर ही सारी कामे अडतात.

दुसरी गरज त्याहून मोठी आहे. कासव जन्मभर पाण्यात राहिले, तरी अंडी जमिनीतच घालते. पाण्यात अंडी गुदमरतात. म्हणून मादी काठावरची उघडी, उन्हाची जागा शोधते, मागच्या पायांनी खड्डा खणते, अंडी घालून माती लोटते आणि परत जाते. पुढे अंडी उबवतो तो सूर्य! अनेक जातींत मातीच्या उष्णतेवरच पिल्लू नर होणार की मादी, हेही ठरते.

ही जागा हरवली, तर काय होते? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले उदाहरण पाहा. तेथे ‘वेस्टर्न पाँड टर्टल’ नावाचे वीतभर लांबीचे कासव आहे. लोकांनी ते खाण्यासाठी पकडले, पाणथळ जागा बुजवल्या, बाहेरून आणलेले बुलफ्रॉग जातीचे मोठे बेडूक पिल्ले गिळू लागले. 1990 च्या सुमारास राज्यात अशी जेमतेम दीडशे कासवे उरली होती.

मग 1991 पासून सिअ‍ॅटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयात पिल्ले वाढवण्यास सुरुवात झाली. हिवाळाभर उबेत ठेवून त्यांना भरपूर खाऊ घालतात. बेडकाच्या तोंडात मावणार नाहीत एवढी ती झाली, की तळ्यात सोडतात. आजवर दोन हजारांहून अधिक कासवे अशी सोडली आहेत.

पण सोडलेल्या कासवांनी अंडी घालायची कोठे? काठावरच्या मोकळ्या गवताळ जागेत ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या आणि युरोपातून आलेली स्कॉच ब्रूमची झुडपे माजली होती. त्यांच्या दाट सावलीत माती तापत नाही आणि मुळांच्या जाळ्यात खड्डाही खणता येत नाही. तेव्हा कार्यकर्त्यांनी चक्क झुडपे तोडली, गवत कापले, मातीचे उघडे तुकडे तयार केले. पाण्यात ओंडके टाकून ते बांधून ठेवले. निसर्ग वाचवायचा म्हणजे झाडे लावायची, असे आपण समजतो. येथे झुडपे काढणे हेच संरक्षण ठरले! मात्र हे काम एकदा करून संपत नाही. झुडपे पुन्हा वाढतात, म्हणून ती पुन्हा काढावी लागतात. कासवाला वयात यायलाच दहाएक वर्षे लागतात. तेवढा धीर माणसांनाही धरावा लागतो.

आता आपल्याकडे पाहू. मऊ पाठीची कासवे महाराष्ट्रातल्या अनेक तळ्यांत आढळतात. त्यांनाही अंड्यांसाठी काठाची मातीच लागते. तळ्याचे सुशोभीकरण करताना चारी बाजूंनी उभी सिमेंटची भिंत बांधली, तर पाणी स्वच्छ राहील, दिवेही लागतील, पण मादी वर चढणार कशी?

आपल्या गावच्या तळ्याचा एक नकाशा काढा. काठ मातीचा कोठे आहे, ऊन कोठे पडते, पाण्याबाहेर आलेले खडक वा ओंडके किती आहेत, ते त्यावर दाखवा. कासवे दिसली, तर लांबूनच मोजा. त्यांना पकडणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नकाशा शिक्षकांना दाखवा आणि ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे द्या. भिंत बांधण्याचे ठरेल, तेव्हा निदान एक उतरता, मातीचा काठ कासवासाठी राखून ठेवा, असे सांगायला तो उपयोगी पडेल.