रिकामी पिकअप मागून का उडते?

फैजपूर, सावदा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात सकाळी रस्त्याला लागलात, तर पुढे-मागे एखादी पिकअप असतेच. बागेकडे जाताना रिकामी, येताना घडांनी भरलेली. यातल्या जुन्या गाड्यांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते : ‘गाडी मागून उडते.’ ओल्या काळ्या जमिनीतून बाहेर निघताना मागची चाके थडथड नाचतात. रिकाम्या गाडीला जोरात ब्रेक लावला की मागचा भाग रस्ता सोडतोय असे वाटते. त्यावरचा उपायही जवळपास ठरलेला आहे : एक पाटा वाढवायचा. कधी त्याने गुण येतो, कधी गाडी आधीपेक्षा जास्त उडायला लागते.

असे होण्याचे कारण म्हणजे ‘उडते’ हा एकच शब्द आपण तीन-चार वेगवेगळ्या दुखण्यांना वापरतो. एकाचे औषध दुसऱ्याला बाधते. म्हणून गॅरेजमध्ये पाने बाहेर काढण्याआधी गाडी नेमकी कधी उडते, हे ठरवायला हवे.

पाट्यावर किती कामे असतात

बोलेरो पिकअप असो की जुनी टाटा २०७, मागची रचना सारखीच आहे. दोन चाकांना जोडणारा एक सलग एक्सल आणि दोन्ही बाजूंना पाट्यांचा एकेक संच. पाटे फक्त वजन पेलतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एक्सल जागेवर धरून ठेवणे आणि इंजिनाच्या ओढीचा पीळ सोसणे, ही कामेही त्यांचीच.

हा पीळ समजला की अर्धे कोडे सुटते. चाक पुढे फिरायला जोर लावते, तेव्हा एक्सलचे हौजिंग उलट दिशेने फिरू पाहते. डिफरन्शियलचे पुढचे तोंड वर उचलले जाते आणि पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वाकतो. टायरची पकड सुटली की पीळ एकदम मोकळा होतो, पाटा झटक्याने सरळ होतो आणि टायर पुन्हा जमीन पकडतो. मग पुन्हा पीळ, पुन्हा झटका. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा घडते. आपल्याला ऐकू येणारी थडथड ती हीच.

याउलट, गतिरोधकावरून गेल्यावर गाडीचा सांगाडा झुलतो तो सेकंदाला एक-दोन वेळाच. त्यामुळे पहिली खूण कानानेच मिळते. सावकाश झुलत असेल तर सांगाडा, भराभर थडथडत असेल तर एक्सल किंवा चाक.

कधी उडते?

मोकळ्या जागेत रिकामी गाडी घेऊन जा. पहिल्या गिअरमध्ये जोराने उचलल्यावर थडथड होते, पण दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून निघाल्यावर होत नाही, तर तो पाट्याचा पीळ समजावा. कोणाला तरी बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे करून मागच्या चाकाचे मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून घ्या. डिफरन्शियलचे तोंड वर-खाली होताना दिसले, तर शंका उरत नाही.

फक्त ब्रेक लावल्यावर उडत असेल, तर पीळ उलट दिशेचा असतो. तिथे ढिले यू-बोल्ट, गोलाई बिघडलेला ब्रेक ड्रम आणि निकामी शॉक, हे तिन्ही तपासावेत.

ठरावीक वेगालाच, म्हणजे समजा ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, त्रास होत असेल तर आधी टायर बघा. अशा गाडीचा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. त्या वेगाला तो सेकंदाला सुमारे दहा फेरे घेतो आणि एक्सलचा स्वतःचा थडथडण्याचा वेगही तेवढाच. टायरचा एखादा उंचवटा दर फेऱ्याला टोला देतो आणि एक्सल त्या तालावर नाचू लागतो. रस्ता मोकळा असेल तेव्हा क्लच दाबून बघा. त्रास तसाच राहिला तर टायर किंवा रिम, थांबला तर प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस यांच्याकडे वळा.

गाडीखाली काय बघायचे

गाडी सपाट जागी, चाकांना अडण लावलेली असावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, पक्के स्टँड लावा.

सुरुवात यू-बोल्टपासून करा. बसकेजवळ गंजाची लालसर भुकटी किंवा घासून चकाकणारे लोखंड दिसले, तर तिथे हालचाल होते आहे. खात्री करायची तर पाटा आणि बसका यांवरून खडूची किंवा रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि दोन-चार फेऱ्या मारा. रेघ तुटली तर बोल्ट ढिले आहेत किंवा सेंटर बोल्ट तुटला आहे. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल एका बाजूने सरकतो. पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून एक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजले की ते कळते.

मग शॅकलचे बुश आणि प्रत्येक पाटा. तुटलेला पाटा बऱ्याचदा चिखलाखाली लपलेला असतो, म्हणून आधी पाण्याने धुवा.

शॉकच्या बाबतीत एक गैरसमज आहे. कारसारखे मागचा भाग दाबून बघायचे आणि झुलला नाही की शॉक चांगला म्हणायचे. पण रिकाम्या पिकअपचे पाटे इतके ताठ असतात की माणसाच्या वजनाने ते हलतच नाहीत! त्यापेक्षा खराब रस्त्यावरून आठ-दहा किलोमीटर जाऊन या आणि सायलेन्सरपासून हात जपून दोन्ही शॉकना स्पर्श करा. काम करणारा शॉक कोमट होतो. एक कोमट आणि एक थंडगार असेल, तर थंड शॉक मेलेला आहे. तेल गळत असेल तर तेवढीही परीक्षा नको.

पाटा वाढवल्याने काय होते

जादा पाटा पीळ थोडा कमी करतो, म्हणून चिखलात थडथडणाऱ्या गाडीला त्याने बरे वाटते. पण पाटा वाढतो तो बहुधा क्षमतेपेक्षा जास्त माल भरायला, आणि गाडी निम्मा प्रवास रिकामीच करते. तेव्हा मागे वजन नसते, पाटे दगडासारखे ताठ असतात आणि खड्ड्याचा धक्का चाकाला सरळ वर फेकतो. मूळ पाट्यांसाठी बनवलेला शॉक त्याला आवरू शकत नाही. हवेत असलेले चाक ब्रेक लावू शकत नाही, आणि पुन्हा जमिनीवर आदळताना बसणारा झटका क्रॉस आणि डिफरन्शियलच्या दातांना सोसावा लागतो.

एक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून गाडी उंच करणे तर आणखी वाईट. त्याने पिळाला जादा तरफ मिळते.

भरलेली गाडी सहसा उडत नाही, पण मेलेल्या शॉकवर ती झुलत राहते. घड एकमेकांवर घासतात, साल काळी पडते आणि व्यापारी त्याच डागांवर बोट ठेवून भाव पाडतो.

दुरुस्तीत यू-बोल्ट नवेच घालावेत. ताणले गेलेले जुने पुन्हा धरत नाहीत. गाडी चाकांवर उभी असताना ते कंपनीने सांगितलेल्या ताणाला कसा आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा कसा. शॉक जोडीनेच बदला. काही गाड्यांत एक शॉक एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे झुकलेला असतो. ती चूक नाही, पीळ आवरण्यासाठीच तशी योजना असते. दोन्ही एका बाजूला करू नका.

आणि या सगळ्याआधी, पैसा न लागणारी एक तपासणी : टायरमधली हवा. पूर्ण भारासाठी भरलेली हवा रिकाम्या गाडीत तशीच राहिली की टायर चेंडूसारखा उसळतो. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठीचे आकडे कंपनीच्या पुस्तिकेत पाहा, त्याप्रमाणे हवा ठेवा, आणि मगच गाडी पाट्यांच्या मिस्त्रीकडे न्यायची की नाही ते ठरवा. माल भरण्याआधी हवा पुन्हा वाढवायला मात्र विसरू नका. भाराखाली कमी हवेचा टायर तापून फुटतो.