तीन सिलिंडर की चार? रोखीने गाडी घेणाऱ्या घरांसाठी इंजिनाच्या चार गोष्टी

मे महिन्याच्या सुट्टीत आखातातून माणसे घरी आली, की कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत गाडीची चर्चा हमखास निघते. कुणाच्या घरी निकाह ठरलेला असतो, कुणाला अम्मीला दर महिन्याला डॉक्टरकडे न्यायचे असते, कुणाची मुले कॉलेजसाठी तालुक्याला जाऊ लागलेली असतात. व्याजाचे कर्ज नको म्हणून अनेक घरांत वर्षानुवर्षे पैसे साठवून, कधी सोन्याची एखादी बांगडी मोडून, रोखीने सेकंडहँड गाडी घेतली जाते. अशा घरात इंजिन बसले, तर पुढची दोन वर्षे गाडी ताडपत्रीखाली उभी राहते. म्हणून ‘कंपनी कुठली?’ एवढे विचारून न थांबता इंजिन कोणत्या ठेवणीचे आहे आणि गाडीत ते कसे बसवले आहे, हेही समजून घ्यायला हवे असे आम्हाला वाटते.

हल्ली सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न तीन सिलिंडरचा. ‘तीन सिलिंडरचे इंजिन थरथरते, टिकत नाही’ असे गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे सांगतात. यातला अर्धा भाग खरा आहे.

आपल्या गाड्यांची इंजिने चार फेऱ्यांच्या पद्धतीची. हवा-इंधन आत घेणे, दाबणे, पेटवणे, धूर बाहेर टाकणे. एवढे काम होईपर्यंत क्रँकचे दोन पूर्ण फेरे होतात. चार सिलिंडर असतील तर दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर पेटतो. तीन असतील तर दोन तृतीयांश फेऱ्याला. म्हणजे दोन धक्क्यांमधली पोकळी वाढते आणि गाडी सिग्नलला उभी असताना ते स्टिअरिंगवर, सीटखाली जाणवते. शिवाय तीन पिस्टन एका रांगेत वर-खाली होताना इंजिनाचे एक टोक उचलले जाते आणि दुसरे दबते. पाळणा हलावा तसे इंजिन डुलत राहते. ती हालचाल इंजिनाखालची रबरी माउंटिंग गिळतात. माउंटिंग म्हातारी झाली, की थरथर थेट दारापर्यंत पोहोचते आणि मालकाला वाटते इंजिन गेले. अशा वेळी आधी माउंटिंग बदलून पाहावे. त्याचा खर्च इंजिनाच्या कामापुढे काहीच नाही.

टिकण्याचे म्हणाल, तर आपल्या देशातला सर्वांत मोठा पुरावा तीन सिलिंडरच्याच बाजूने आहे. डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती 800 चे इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे होते. 2014 पर्यंत ती गाडी बनत राहिली. ज्या घरांनी वेळेवर ऑइल बदलले आणि टायमिंग बेल्ट तुटण्याची वाट पाहिली नाही, त्यांच्याकडे तिने दुसऱ्या पिढीलाही गाडी शिकवली. तीन सिलिंडरमध्ये पिस्टन कमी, रिंगा कमी, व्हॉल्व्ह कमी, घासणारे भाग कमी, म्हणून ॲव्हरेजही बरे. कंपन्या आता याच हिशेबाने परत तिकडे वळताहेत. स्विफ्टमध्ये 1197 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. 2024 च्या नव्या स्विफ्टमध्ये सीसी तेवढेच, सिलिंडर मात्र तीन.

ज्यांना स्वतः पारखून पाहायचे असेल त्यांनी वॅगन आर चालवून पाहावी. 2019 पासून एकाच गाडीत 998 सीसीचे तीन सिलिंडर आणि 1197 सीसीचे चार सिलिंडर अशी दोन्ही इंजिने मिळतात. शहरात एक-दोन माणसांनी फिरायचे तर पहिले पुरते. पाच माणसे, डिकीत सामान, एसी चालू आणि समोर आंबा घाट असेल तर दुसरे. आमचा कौल घाटाजवळ राहणाऱ्यांसाठी चार सिलिंडरच्या बाजूचा आहे. कारण विश्वासाचे नसून आरामाचे आहे: लहान इंजिनाला घाटात सतत पिळावे लागते.

चार सिलिंडरचे इंजिन अगदी निर्दोष असते असेही नाही. त्यात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, म्हणून मोठा धक्का एकमेकांत विरतो. पण कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे एक बारीक, दुप्पट वेगाची थरथर उरते. लहान इंजिनात ती कळत नाही. दोन लिटरच्या पुढे कळते, म्हणून मोठ्या इंजिनांत अनेकदा ती मारण्यासाठी वेगळे बॅलन्स शाफ्ट बसवलेले असतात.

ही थरथर जवळजवळ पूर्णपणे मिटते ती एका रांगेतल्या सहा सिलिंडरांत. कुवेत-सौदीत ज्यांनी जुन्या लँड क्रूझर चालवल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. 4.2 लिटरचे ते सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन वाळवंटात वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालले, आणि आपल्याकडच्या कितीतरी मामू-चाचांच्या मनात ‘गाडी म्हणजे टोयोटा’ हे तिथेच पक्के झाले. पण सहा सिलिंडरची रांग लांब होते. आडवी बसवता येत नाही. बॉनेट लांबते. मग तीन-तीन सिलिंडर दोन बाजूंना कलवून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात इंजिन आले. ते आखूड असते, पण त्याला हेड दोन, हेड गॅसकेट दोन, सायलेन्सरचे फाटे दोन्हीकडे. लहान बॉनेटमध्ये ते आडवे बसवले, की मागच्या बाजूचे स्पार्क प्लग काचेखालच्या भिंतीकडे तोंड करून बसतात. तिथे हात पोहोचावा म्हणून बऱ्याच गाड्यांत वरचा मॅनिफोल्ड खोलावा लागतो. प्लग स्वस्त, मजुरी महाग. मर्सिडीजने 1997 च्या सुमारास रांगेतले सहा सोडून व्ही धरले आणि 2017 मध्ये परत रांगेवर आली. एकच हेड, चार सिलिंडरच्या इंजिनाशी जुळणारे सुटे भाग आणि टर्बोला एका बाजूला मोकळी जागा, ही त्यामागची कारणे.

आता यावरून ‘व्ही इंजिन कच्चे’ असा निष्कर्ष काढू नये. 2024 मध्ये टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स मिळून एक लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या. त्यांत व्ही आकाराचे सहा सिलिंडरचे, दोन टर्बोंचे इंजिन होते. दोष आकाराचा नव्हता. कारखान्यात धातू कापताना निघालेला कीस इंजिनात राहून गेला होता आणि तो क्रँकची बेअरिंग खाऊ शकत होता. सर्वांत भरवशाची मानली जाणारी कंपनी आणि चूक साफसफाईची!

तिसरी ठेवण बॉक्सर. यात सिलिंडर जमिनीला समांतर, समोरासमोर झोपलेले असतात. जुनी फोक्सवॅगन बीटल अशीच. सुबारूने 1966 पासून ती धरून ठेवली आहे. इंजिन बसके असल्याने गाडीचे वजन जमिनीलगत राहते आणि वळणावर गाडी कमी झुकते. पण ऑइल आडव्या हेडच्या तळाशी साचते, म्हणून गॅसकेट झिजले की गळती. सुबारूच्या एका जुन्या अडीच लिटर इंजिनाचे हेड गॅसकेट तर जगभरच्या मिस्त्र्यांमध्ये बदनाम आहे. आखातातून परतणारा कुणी मित्र त्या गाडीचे गुण गात असेल तर जरूर ऐकावे. आपल्या तालुक्यात तिचे काम करणारा माणूस आहे का, हेही त्याला विचारावे.

समोरासमोरच्या सिलिंडरांवरून एक आठवण सांगायचा मोह होतो. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातले अल-जझरी यांनी 1206 मध्ये यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. त्यात पाणी उपसणारा एक पंप आहे: दोन सिलिंडर समोरासमोर, मधल्या झुलत्या दांड्याने दोन्ही पिस्टन चालतात, एक पाणी ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. अल-जझरींनी मोटार शोधली असे सांगत फिरणाऱ्यांत आम्ही नाही. त्या पंपात आग नव्हती, शक्ती बाहेरून यायची. पण चाकाचे फिरणे पिस्टनच्या मागे-पुढे जाण्यात बदलण्याचे कोडे त्यांनी सोडवले होते. आज इंजिन तेच काम उलट दिशेने करते. मुलांना बॉनेट उघडून दाखवताना एवढे सांगायला हरकत नाही.

सिलिंडरांइतकाच महत्त्वाचा प्रश्न इंजिन कुठे बसवले हा. ॲम्बेसेडर आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी यांत इंजिन समोर, उभे, आणि जोर लांब शाफ्टने मागच्या चाकांना. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या त्या पद्मिनीच्या बॉनेटमध्ये दोन्ही बाजूंनी हात घालता येत असे. म्हणून रस्त्याच्या कडेलाही तिची दुरुस्ती व्हायची.

इंजिन आडवे बसवून पुढची चाके चालवण्याची रीत लोकप्रिय केली 1959 च्या ब्रिटिश मिनीने. तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस उस्मानी सल्तनतीतल्या स्मिर्नात, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये जन्मले. सुमारे तीन मीटरच्या गाडीत चार माणसे बसवायची म्हणून त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटातच घातला. दोघांना एकच ऑइल. 1969 च्या फियाट 128 ने गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी नेला, आणि आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच बेताच्या आहेत. जागा वाचते, लांब शाफ्ट नाही, वजन कमी. झिजतात ते पुढचे ॲक्सल. त्यांच्या टोकाचे रबरी बूट फाटले, की ग्रीस निघून लाल माती आत जाते. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट ऐकू आली, तर जॉइंट गेला असे समजावे.

घाटात आणखी एक फरक कळतो. चढावर भरलेल्या गाडीचे वजन मागे सरकते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जांभ्याच्या ओल्या चढावर अशा वेळी चाक फिरवत राहते, तर मागच्या चाकांवर चालणारी पकड घेते. इनोव्हा आपल्या घरांत इतकी रुजली त्यात याचा वाटा आहे. 2005 ची इनोव्हा आणि 2016 ची क्रिस्टा, दोन्हींत चार सिलिंडरचे डिझेल इंजिन उभे, मागची चाके चालती, खाली वेगळी मजबूत चासी. विमानतळावरून सात माणसे आणि बॅगा घेऊन गावी येणारी गाडी म्हणून ती अजूनही आम्हाला पहिली वाटते. 2022 च्या हायक्रॉसमध्ये नाव इनोव्हाचेच, पण इंजिन आडवे, पेट्रोलचे, चाके पुढची. शहरात ती जास्त शांत आणि तिच्या हायब्रिड रूपात इंधनाला हलकी. जुन्या इनोव्हाची ओझ्याची सवय तिच्याकडून धरू नये.

ओमनी आणि ईको यांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली की इंजिन समोर, शाफ्ट मागे. दुरुस्ती स्वस्त, म्हणून शाळेच्या व्हॅन आणि वडाप यांच्यावर चालले. सीट तापते ती वेगळी गोष्ट. पण चालकापुढे लोखंड फार थोडे उरते, हे घरच्या प्रवासासाठी घेताना विसरू नये. नॅनोने 624 सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागे नेले. स्वस्ताईचा तो शहाणा विचार होता. आज ती घ्यायची तर फक्त गावातल्या गावात.

गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला आदल्या रात्रीपासून ती सुरू करू नका असे सांगावे. थंड इंजिन खोटे बोलत नाही. सुरू होताच निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतच राहिली आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी. ऑइलचे झाकण काढल्यावर आत दुधाळ चिकटा दिसला तरी तीच शंका, फक्त पावसाळ्यात थोडे थोडे अंतर फिरणाऱ्या गाडीत तो ओलाव्यानेही येतो. टायमिंगला बेल्ट आहे की चेन हे विचारावे. बेल्ट असेल आणि बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलावे. 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. रोज चार किलोमीटर फिरणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये, तो तुंबतो.

विकणाऱ्या भावांसाठीही एक शब्द. धान्याच्या ढिगात प्रेषित (स.) यांनी हात घातला तेव्हा आत ओल लागली, आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी त्या विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. गॅसकेटला लावलेला लेप आणि मागे फिरवलेला किलोमीटरचा काटा ही आजची ओलच आहे. दोष सांगून दहा हजार कमी घेतले, तर ती कमाई निर्धास्त खाता येते.

आणि मिस्त्रीला सोबत नेले असेल, तर सौदा होवो न होवो, त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज तिथेच हातावर ठेवावा.